पडदेमामांची सुरगाठ

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी पडदेमामांचे नाव सांगतो. ते गास गावचे. चर्चच्या नोंदवहीत त्यांचे चांगले लांबलचक नाव होते, पण ते कोणी उच्चारलेले मी ऐकले नाही. वीस वर्षे त्यांनी एका फिरत्या संगीत नाटक कंपनीचे पडदे ओढले, म्हणून गावाने त्यांना पडदेमामा करून टाकले होते. दारात आलेल्या माणसाला त्यांची बायकोसुद्धा "पडदेमामा वाडीत गेलेत" असेच सांगे.

हे उपकार त्या वेळी मला शिक्षेसारखे वाटत होते, हे आधीच सांगतो.

आमची वाडी वसईजवळ. केळी, पानवेल आणि कुंपणाच्या कडेने मोगरा. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादा मराठी दुसरीपर्यंत शिकले होते आणि सही करताना श्वास रोखून धरत. मी घराण्यातला पहिला मॅट्रिक आणि आमच्या आळीतून मुंबईच्या कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी विहिरीवर रहाट चालू होता. मी सवयीने बैलामागे जाऊन उभा राहिलो, तर दादांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली.

"आता ह्याला हात लावायचा नाय," ते म्हणाले. "हे हात कचेरीचे."

तेव्हापासून त्यांनी मला रहाटाजवळ फिरकू दिले नाही. रहाटाच्या माळेचे गाडगे फुटले, दोर कुजला, तरी ते एकटेच वाकून बांधत बसत आणि मी ओटीवर पुस्तक घेऊन बसायचे. वाटेने जाणाऱ्याला ते दिसायला हवे, अशी त्यांची इच्छा असे. मला त्याचा अभिमान वाटे. पण कोणीतरी मला त्या ओटीवर बांधून ठेवले आहे, असेही वाटे. या हातांनी पुढे काय करायचे ते माझ्याआधीच ठरून गेले होते.

कॉलेजात मी नाटकाच्या मंडळात शिरलो. घरी सांगितले नाही. मराठी शिकवणारे आमचे सर त्या मंडळाचे प्रमुख होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी त्यांनी आम्हा सात जणांना वर्गात थांबवून घेतले. विद्यापीठातर्फे नाटकाच्या विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा वर्ग सुरू होणार होता. तिथे पुस्तके कमी आणि काम जास्त. रंगपट, दिवे, कपडे, पडदे, सगळे स्वतःच्या हातांनी करून शिकायचे. आमच्या कॉलेजातून दोघांना घेणार होते.

"नाटक तुम्ही पुढून पाहिलंत," सर म्हणाले. "आता चार महिने मागून बघा. प्रत्येकाने एका कसबी माणसाकडे जायचं, एक काम शिकायचं आणि त्याची चिठ्ठी आणायची. 'याला हे काम येतं', एवढंच लिहिलेली. चिठ्ठी नाही तर जागा नाही."

एकाला गिरगावात शिंप्याकडे पाठवले, एकाला रंगपटात, एकाला दिव्यांवर. मी मनात गिरगाव धरून बसलो होतो. सर माझ्याकडे वळले.

"तू वसईचा ना? मग तुला लांब कशाला पाठवू? गासला एक पडदेवाला आहे. कंपनीत असताना त्याच्यासारखा पडदा कोणी सोडत नसे."

बाकीचे सहा जण हसले. रोज पहाटे उठून, गाडी पकडून मी ज्या गावापासून लांब जाण्याची धडपड करत होतो, तिथेच मला परत पाठवले होते. गास आमच्या घरापासून सायकलने पाऊण तासावर. मी "हो सर" म्हणालो. सरांना नाही म्हणायचे असते, हे आमच्या शाळेने कधी शिकवलेच नव्हते.

पडदेमामा सत्तरीकडे झुकलेले, किडकिडीत, हाफपँट आणि बंडी घातलेले गृहस्थ होते. गासच्या ख्रिस्ती घरांतली बोली आमच्या वाडीतल्या बोलीहून वेगळी, आणि ती कागदावर उतरवणे मला जमणार नाही, म्हणून त्यांचे बोलणे मी आमच्या वाडीच्या बोलीत लिहितो. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले.

"रहाटाचे की दौतीचे?"

"दौतीचे," मी म्हणालो. दादांनी शिकवलेले उत्तर होते ते.

"मग अवघड हाय," ते म्हणाले आणि आत ओरडले, "अगं, कॉलेज आलंय. चहा टाक."

त्या दिवसापासून त्या घरात माझे नाव 'कॉलेज' पडले.

कंपनी बंद पडली तेव्हा मामांनी तिचे चार पडदे गावी आणले होते. राजवाडा, रस्ता, जंगल आणि समोरचा दर्शनी पडदा. पंचक्रोशीतल्या सगळ्या नाटकांना हेच पडदे. नाताळाच्या सुमारास त्या राजवाड्यात ख्रिस्ती राजा बसे आणि चैत्रातल्या जत्रेत तिथेच पुराणातला राजा येऊन बसे. राजवाड्याच्या एका खांबाला वाळवी लागली होती. ती जागा झाकली जावी म्हणून दोन्ही राजांचे सिंहासन तिथेच ठेवत.

पडद्याची रचना सोपी असते. कापडाच्या खालच्या काठाला जाडजूड बांबू. बांबूच्या दोन्ही टोकांना दोर गुंडाळलेले. ते वरच्या आडव्या लाकडावरच्या कप्प्यांतून येऊन दोन बाजूंच्या विंगेत उतरतात. दोन माणसांनी दोन दोर ओढले की बांबू फिरत फिरत कापड गुंडाळत वर जातो. मग दोर खुंटीला बांधायचे. पडदा पाडायचा तेव्हा गाठ सोडून दोर हातातून सावकाश द्यायचा. सगळी कला त्या गाठीत. ती सुरगाठ पाहिजे, टोक ओढले की क्षणात सुटणारी.

मामांनी मला पडद्याला हात लावू दिला नाही. ते मला माळ्यावर नेत. तिथे चारी पडदे लांब गुंडाळून ठेवलेले असत. खारी हवा लागू नये म्हणून खिडकी बंद, आणि सरस, रंग नि जुन्या कापडाचा उग्र वास. भिंतीत एक खुंटी, खुंटीला दोर. मामा मला एक तास सुरगाठ बांधायला आणि सोडायला लावत, डोळे मिटून. आणि जाताना दाराला बाहेरून कुलूप लावत.

पहिल्यांदा कुलपाचा आवाज ऐकला तेव्हा मी दारावर थाप मारली.

"मामा, दार लागलं!"

"लागलं नाय, लावलंय," ते खालून म्हणाले. "अंक चालू असताना विंगेतनं जाता येतं का? तहान लागली तरी नाय, विंचू चावला तरी नाय. सवय कर."

मग मामींचा आवाज. "अहो, तुमच्या कॉलेजाला चहा कुलपातनं देऊ का?"

"इंटरवलला दे."

मी त्या अंधारात घामाघूम होऊन गाठी मारत बसे. मुंबईत माझे मित्र दिव्यांचे रंग बदलत होते, जरीचे अंगरखे शिवत होते, नटांच्या तोंडांना रंग लावत होते. मी मात्र आधी ओटीवर, मग गाडीच्या डब्यात आणि आता या माळ्यावर कोंडला गेलो होतो. एकदा मी मोजले तर एका तासात मी सुरगाठ दोनशेहून जास्त वेळा बांधली होती. तरी मामा येऊन म्हणत, "हात अजून विचार करतायत. विचार न करता आली पाहिजे."

त्यातच डिसेंबरात दादा एका संध्याकाळी उजळलेला चेहरा घेऊन आले. तालुक्याच्या कचेरीत जूनपासून एक कारकुनाची जागा निघणार होती. ओळखीच्या शिरस्तेदाराने सांगितले होते की पदवीधर मुलगा असेल तर अर्ज जानेवारीतच द्यावा. दादांनी अर्जाचा कागदही आणला होता, चार घड्या घातलेला.

"निकालाआधी कसा भरू?" मी विचारले.

"त्यांनी सांगितलंय ना. तू भर."

मी तेव्हा त्यांना नाटकाच्या वर्गाबद्दल पहिल्यांदा सांगितले. ते ऐकत राहिले. आई चुलीपाशी थांबली.

"वर्षभर पडदे ओढायचे? त्यासाठी बी.ए. केलास?" दादा म्हणाले. रागावले नव्हते. राग आला असता तर मला बरे वाटले असते. त्यांच्या तोंडावर फक्त आश्चर्य होते. आपण ज्या हातांना रहाटापासून वाचवले तेच हात दोर ओढायला निघाले, हे त्यांना समजतच नव्हते. जानेवारीचा तिसरा सोमवार अर्जाचा शेवटचा दिवस होता. मी कागद पुस्तकात ठेवला.

नेमका त्याच्या आदल्या रविवारी गासचा सण होता. सणाला दुपारी चारला चर्चच्या आवारात नाटक असे. गावातल्याच एका शिक्षकाने लिहिलेले, राजाच्या दोन मुलांचे. मामांनी मला डाव्या दोरावर उभे करायचे ठरवले. उजव्यावर ते स्वतः. सर आणि बाकीचे सहा जण मुंबईहून ते पाहायला येणार होते. नाटक संपल्यावर मामा चिठ्ठी देतील, मग दोन जागांपैकी एक माझी. बाकीच्यांतल्या एकालाच आतापर्यंत चिठ्ठी मिळाली होती. मी घरी 'सणाला जातो' एवढेच सांगितले. आमच्याकडे सगळेच गासच्या सणाला जात, त्यात विशेष काही नव्हते.

आवारात धूळ उडू नये म्हणून स्वयंसेवक बादल्यांनी पाणी शिंपडत होते. त्यातली एक बादली कोणीतरी माझ्या खुंटीखाली आणून ठेवली. मी ती बाजूला सरकवली, पण दोराचे टोक तिच्यात बुडून गेले होते ते मला कळले नाही. फादर येऊन बसले. दुसऱ्या रांगेत सर आणि माझे मित्र. मामा म्हणाले, "घंटा झाली की माझ्याबरोबर ओढ. मला बघू नको, दोराला बघ."

पडद्याला डोळा लावण्यापुरते एक भोक असते. मी त्यातून सहज पाहिले. डावीकडच्या शेवटच्या बाकाच्या टोकावर, पांढरी टोपी आणि धुवट कोट घालून, दादा बसले होते. कोटाच्या वरच्या खिशातून कागदाची घडी दिसत होती. माझ्या पुस्तकातला अर्ज.

ते सणाला आले नव्हते. मला सरांसमोरून घेऊन जायला आले होते. उद्या सोमवार होता.

घंटा झाली. आम्ही दोर ओढले, पडदा नीट वर गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोर खुंटीला बांधला. माझे डोळे बाहेर दादांच्या टोपीवर होते. हात विचार न करता चालले, मामांना हवे होते तसेच. फक्त हातांनी बांधली ती गाठ माळ्यावरची नव्हती.

अंक तासाभराचा. ऊन उतरले, गार पडले. मी खुंटीकडे पाठ करून उभा राहिलो आणि सगळा वेळ दादा कोणत्या क्षणी उठतात ते पाहत होतो.

अंकाच्या शेवटी राजा धाकट्या मुलाला कैदेत टाकतो. राजाने तलवार उगारलेली, राणीने कपाळाला हात लावलेला, आणि राजपुत्र अगदी पुढे, पडद्याच्या रेषेला लागून, गुडघ्यांवर बसलेला, अंगावर बोटीच्या नांगराची खरी साखळी. या दृश्यावर सगळ्यांनी दगडासारखे थांबायचे आणि पडदा पडायचा. तोपर्यंत कोणी हलायचे नाही, हा जुना नियम.

घंटा झाली. मी दोराचे टोक ओढले. काहीच सुटले नाही.

वळून पाहिले तेव्हा मला कळले. ती निरगाठ होती, रहाटाच्या माळेची. गाडगी विहिरीत पडू नयेत म्हणून मारतात ती. पाण्याने आणि वजनाने घट्ट होत जाणारी. मी सात वर्षांचा असताना दादांनीच ती मला शिकवली होती. आता ओला दोर पडद्याचे वजन तासभर पेलून खुंटीवर लाकडासारखा कडक झाला होता.

लोकांच्या टाळ्या संपल्या. पेटीवाल्याने तेच चार सूर पुन्हा वाजवले. मी नखांनी ओढले, दातांनी ओढले. राजाचे काम गावचा पाववाला करत होता. त्याचा उगारलेला हात थरथरू लागला.

"राजा, हात खाली घे रे!" मागून कोणीतरी ओरडले. "उद्या पाव कोण मळणार?"

सगळे आवार हसले. राणीचे खांदे हलायला लागले. राजपुत्र साखळीखाली वाकून माझ्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होता. विंगेत पडलेला कोयता माझ्या हाताशी होता. मी तो उचलला.

"ठेव तो!" पलीकडून मामांचा आवाज आला, हळू पण चाबकासारखा. त्यांच्या हातात त्यांचा दोर तोललेला होता. त्यांना हलता येत नव्हते. "कापलास तर बांबू त्या पोराच्या डोक्यात जाईल. भार घे. आधी भार घे, मग गाठ बघ."

मी कोयता टाकला. खुंटीच्या वरून दोर धरला, कमरेभोवती घेतला आणि पाय रोवून मागे रेललो. पडद्याचे सगळे वजन माझ्या पोटावर आले. खुंटीवरचा दोर सैल झाला. पण माझे दोन्ही हात आता दोरात होते. गाठ सोडायला हातच उरला नाही. तिथे मी अडकलो. पुढे सरकता येईना, सोडता येईना, हाक मारायला श्वास नाही.

तेवढ्यात बाजूने कोणीतरी विंगेत आले. दादा. त्यांनी खुंटीकडे एकदा पाहिले, मग माझ्याकडे. त्यांनी गाठ ओढली नाही. मागच्या बाजूने अंगठ्याने दोर आत ढकलला, मग दुसऱ्या अंगठ्याने, जसे विहिरीवर करत तसे. गाठ तोंड उघडल्यासारखी उघडली. दोर खुंटीवरून मोकळा झाला.

"दे आता," मामा म्हणाले.

मी कमरेवरून दोर सोडत गेलो. दोन्ही बाजू सारख्या, सावकाश. बांबू राजपुत्राच्या समोर फळीवर आवाज न करता टेकला. अख्ख्या अंकाला मिळाल्या नव्हत्या इतक्या टाळ्या त्या पडद्याला मिळाल्या. मी तिथेच खाली बसलो.

मध्यंतरात सर विंगेत आले. मित्र त्यांच्या मागे. मामा दोर तपासत होते.

"मामा, मुलाने शेवटी भार छान घेतला," सर म्हणाले. "चिठ्ठी द्याल ना?"

"चिठ्ठी नाय," मामा म्हणाले. "पडदा वेळेवर पडला पाहिजे. उशिरा पडला म्हणजे पडला नाय. याला येत नाय अजून."

"पण जागा..."

"जागा तुमच्याकडे. माझं काम खरं सांगायचं."

मी खाली पाहत होतो. सरांच्या मागे उभे राहून दादा हे ऐकत होते. ते ज्यासाठी आले होते ते बोलण्याची आता गरजच उरली नव्हती. सरांनी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मी ह्याचा बाप."

राहिलेल्या दोन अंकांना उजवा दोर मामांनी धरला, डावा गावातल्या एकाने. मला मामींनी चहा दिला. "कॉलेज, आज चहा कुलपाबाहेर," त्या म्हणाल्या. मला हसता आले नाही.

घरी आम्ही सायकल हातात धरून चालत निघालो.

"ती गाठ विसरला नायस," दादा म्हणाले.

"नाही."

"मी विसरायला लावली होती."

सोमवारी मी अर्ज दिला. सरांनी माझ्या दोन मित्रांना जागा दिल्या. जूनमध्ये निकाल लागला आणि मी कचेरीत लाकडी कठड्याच्या आत जाऊन बसलो. दादांनी त्या दिवशी सगळ्या आळीत साखर वाटली. मी त्यांच्याकडे पाहून हसलो. माझे काम नकला करण्याचे. आलेला कागद सुवाच्य अक्षरात उतरवायचा, नक्कल बांधून ठेवायची, मूळ पुढे पाठवायचा. त्या कठड्याला बाहेरून कडी होती आणि शिपाई सवयीने ती लावत असे. पहिल्या आठवड्यात मी तिचा आवाज ऐकला की मान वर करायचो. नंतर करेनासा झालो. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

जुलैतल्या एका रविवारी मी सायकल काढून गासला गेलो. मामांनी माळ्याची किल्ली काढली. आम्ही माळ्यावर गेलो. ते खाली निघाले तेव्हा दार उघडेच ठेवत होते.

"कुलूप लावा, मामा," मी म्हणालो.

ते जिन्यात थांबले. मग परत वर येऊन त्यांनी कुलूप लावले.

वर्षभर जवळजवळ प्रत्येक रविवारी मी गेलो. आता ते मला गाठीबरोबर दोर द्यायलाही शिकवू लागले. संध्याकाळी दव पडले की सुती दोर आखडतो, म्हणून उन्हात बांधलेला पडदा तिन्हीसांजेला चार बोटे सैल करायचा, नाहीतर खालून नटांचे पाय दिसतात. नट बोलायचा थांबला की नाही यापेक्षा त्याचा श्वास संपला की नाही ते बघायचे. जुने पडदे सरसाने कसे सांधायचे. त्यांना जेवढे येत होते ते सगळे त्यांनी मला दिले, आणि एकदाही 'छान' म्हणाले नाहीत.

पुढच्या सणाला मी डाव्या दोरावर उभा राहिलो. तीनही अंकांना पडदा वेळेवर पडला. इतका वेळेवर, की कोणाच्या लक्षातही आले नाही. नाटक संपल्यावर मामांनी खिशातून कागद काढला. तो सकाळीच लिहून आणलेला होता. 'याला पडदा येतो.' खाली सही. मी तो सरांना पाठवला. मे महिन्यात त्यांचे उत्तर आले. नव्या वर्षाच्या वर्गात माझी जागा नक्की होती.

मामांना मी जे पत्र लिहिले त्याची नक्कल, कचेरीच्या सवयीने, मी ठेवली होती. ती तशीच उतरवतो.

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. मामींनाही सांगावा.

सरांचे पत्र आले. मला जागा मिळाली आहे. वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतो. तुमची चिठ्ठी त्यांनी फाईलला लावली आहे. तुमची मूळ चिठ्ठी मला परत हवी होती, पण कचेरीत काम केल्यामुळे मला ठाऊक आहे की मूळ कागद परत मिळत नसतो.

राजीनामा लिहून आठ दिवस झाले. तो अजून माझ्या खिशात आहे. तुम्ही म्हणाल, हात विचार करतायत. खरे आहे. दादांना कसे सांगावे ते समजत नव्हते. साखर वाटली होती त्यांनी. कचेरीत कोणी वाईट वागले नाही, जागा पक्की आहे, आणि मी नाही म्हटले तर ती दुसऱ्याच्या मुलाला जाईल, हे ते रोज पाहतात. काल मी सांगितले. मी बोललो तेव्हा ते विहिरीवर होते. त्यांनी रहाट चालूच ठेवला. मी ओटीवर जाऊन बसलो. मला वाटले, संपले.

आज सकाळी रहाटाची माळ एका जागी तुटली. दादांनी ओटीकडे पाहून मला हाक मारली. मॅट्रिकनंतर पहिल्यांदा. मी गेलो. त्यांनी माळेचा दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "भार घे." हा तुमचा शब्द त्यांनी सणाच्या दिवशी ऐकला होता, हे मला माहीत नव्हते. मी दोर कमरेला घेऊन रेललो. त्यांनी जुनी गाठ सोडली, नवी मारली. मारताना म्हणाले, "कचेरीत उद्याच सांग. उगाच त्यांना अडकवून ठेवू नको." मग म्हणाले, "रविवारी इकडे येत जा. माझ्याच्याने एकट्याने माळ धरवत नाय आता."

म्हणून यापुढचे रविवार वाडीवर जातील. तुमच्याकडे महिन्यातून एकदा येईन, जमले तर दोनदा. वर्गात पडद्यावर कोण शिकवणार आहे ते कळले नाही. कोणी का असेना, मी तुमचे नाव सांगीन.

तुम्ही त्या दिवशी चिठ्ठी दिली असतीत तर मी लगेच गेलो असतो, आणि दादा आयुष्यभर त्या बाकाच्या टोकावर कोट घालून बसून राहिले असते, असे मला आता वाटते. त्या वेळी मी तुम्हाला मनातून पुष्कळ बोललो होतो. माफ करा.

एक काम राहिले. दर्शनी पडद्याचा डावा दोर कप्पीजवळ झिजला आहे. मागच्या रविवारी पाहिले, सांगायचे राहून गेले. पावसाळ्याआधी बदला. माझी वाट बघू नका.

तुमचा,
कॉलेज